उलटा विळा

"डोळं चोळू नगंस. चोळलं की आणिक झोंबतंय. वास हाय त्यो, हुईल सवय. हिकडं ध्यान दे. खारी भाजल्यागत रंग आला न्हवं? झालं, काढायचा. पिवळा दिसला तर कच्चा, त्यो द्यायचा न्हाय."

"आन् बिघडला तर परत इरघळवून नवा करायचा, आक्का?"

"कुठला नवा? ही राळ काय लाख न्हवं, तापवली की वितळाय. एकदा आवळली की आवळली. पुढं जळंल, पर मऊ पडायची न्हाय."

तानूबाईनं धाकट्या जावंला, रूपालीला, शिरोलीच्या फौंड्रीत कोर भाजायला असं शिकवलं. कोर म्हणजे वाळूचा गड्डा. पंपाचं लोखंडी घर ओतायचं तर त्याच्या पोटात पोकळी राखावी लागते, म्हणून साच्यात आधी हा गड्डा बसवायचा आणि भोवतीनं लोखंड ओतायचं. वाळू मात्र नदीतनं आणून टाकली असली साधी नव्हे. दाण्यादाण्याला रेझिनचा लेप. फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड शिजवून केलेलं ते रेझिन. तानूबाई त्याला राळच म्हणायची. तापल्या पेटीत वाळू पडली की लेप पाघळतो, दाण्याला दाणा धरतो आणि कायमचा कडक होतो. चांगला भाजलेला कोर लाल लोखंडाच्या पोटात दम धरतो आणि लोखंड आळलं की मगच भुगा होऊन झडतो. कच्चा राहिला तर धगीनं त्यातनं वायू सुटतो, आणि आंबोळीला पडावी तशी जाळी लोखंडाला पडते. माल भंगारात.

म्हणून कोरशॉपात रीत होती. ज्या बाईनं कोर काढला तिनं हॅक्सॉच्या तुकड्यानं तळाला आपली खूण कोरायची. कुणाचं फूल, कुणाचा त्रिकोण. तानूबाईचा विळा. माहेरी मलकापूरकडं गवत कापण्यात तिच्या बरोबरीला कुणी येत नसे, त्याची ती आठवण. मूठ खाली, तोंड उजवीकडं. वाळूत कोरलेली ही खूण लोखंडावरही उठते. बाईचा हात लोखंडाच्या पोटात राहतो म्हणा की.

रूपाली आधी होती फेटलिंगला. ओतलेल्या मालाच्या कडा छिन्नीनं उडवायच्या, ग्राइंडर धरायचा आणि दिवसभर काळी धूळ खायची. घरी आली की भाकरी थापता थापता म्हणायची, "आक्का, आज तुमचा विळा माझ्या हाताखालनं गेला." दोघी हसायच्या. पण पोरीचा खोकला काही हटंना. तानूबाईनं सुपरवायझर आरिफच्या मागं टुमणं लावलं, दोन महिने त्याचा जीव खाल्ला, आणि जावंला कोरशॉपात आणली.

मग नव्या मशीनीचं आलं. पेटी आपोआप मिटणार, आपोआप उघडणार. जुन्या मशीनी जाणार, नवीवर बाई एकच, बाकीच्या फेटलिंगला. ती एक बाई कोण, हे विचारायचं कुणाला कारण नव्हतं. एवढ्या वर्षांत तानूबाईचा कोर कच्चा म्हणून परत आला नव्हता.

आणि तेवढ्यातच माल परत यायला लागला. आरिफनं एक नग कापून तिच्यापुढं ठेवला. आत जाळीच जाळी.

"माझा कोर कच्चा नसतोय," तानूबाई म्हणाली.

"मावशी, मग ही खूण कुणाची?"

जाळीच्या कडंला विळा. मूठ खाली, तोंड उजवीकडं. आपलाच. डोळ्याला कमी दिसतंय व्हय आपल्याला, रंग कळंना झालाय व्हय, ह्याच घोरात ती राहिली. नवी मशीन रूपालीला मिळाली. त्या सांजंला रूपालीनं आपणहून तिचे पाय चेपले. तानूबाईला भरून आलं. सख्खी भण असती तर एवढं करती का, असं ती नवऱ्याला म्हणालीसुद्धा.

सोमवारी तिनं फेटलिंगला छिन्नी धरली. ढिगात महिन्यामागचा चांगला माल पडला होता. एक नग उचलला, पोटात बोट घालून वाळू खरवडली, तर विळा. पण तोंड डावीकडं. नग फिरवून पाहिला. मूठ खालीच होती. दुसरा घेतला, तिसरा घेतला. सगळे डावीकडं.

छिन्नी तशीच हातात राहिली. शिक्का मारला की अक्षर पालटतं, तसं हे. कोरवर उजवीकडं कोरलं तर लोखंडावर डावीकडंच उठणार. तिनं आपला विळा जन्मभर वाळूतच पाहिला होता, लोखंडात कधी पाहायला गेली नव्हती. आरिफनं कापलेल्या नगावर तो उजवीकडं उठला होता. म्हणजे कोरवर कुणीतरी तो डावीकडं कोरला होता. ज्याच्या डोळ्यात हा विळा लोखंडातलाच बसलाय, अशा कुणीतरी.

जेवणाच्या सुट्टीत रूपाली नळावर आली. तानूबाई तिथंच उकिडवी बसली होती. पुढ्यातली काळी वाळू तिनं तळव्यानं सारखी केली.

"माझी खूण काढून दाव बरं."

"ह्ये काय आता मधीच, आक्का?"

"दाव की."

रूपाली हसली, वाकली आणि बोटानं विळा काढला. सुरेख. मूठ खाली, तोंड डावीकडं.

तानूबाईनं शेजारी आपला काढला. तोंड उजवीकडं. दोन विळे एकमेकांकडं पाठ करून पडले. रूपालीनं दोन्ही पाहिले. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं, आणि मग तिला खोकला आला. खरा होता, खोटा होता, तानूबाईला आता ठरवता येईना.

"मला परत फेटलिंगला यायचं न्हवतं," रूपाली म्हणाली. "तुमी सायबाला सांगणार?"

"घरातलं कुळीथ चव्हाट्यावर कशाला सांडू?" तानूबाई उठली. "नव्या मशीनीवर आता तू एकटीच हाईस. कच्चा निघाला तर कुणाचा विळा काढशील?"

रूपालीनं नळ सोडला आणि वाळूचं बोट पाण्याखाली धरलं.

"आन् आजपास्नं माझी चूल येगळी. तवा घे तू, मला परात पुरं."

तिनं पायानं वाळू पुसली. आधी आपला, मग तिचा. भोंगा झाला. रूपाली नळ तसाच वाहता ठेवून आत गेली. तानूबाईनं नळ बंद केला, तोंडाला पदर बांधला, ढिगातला पुढचा नग मांडीशी ओढला आणि छिन्नीवर घाव घातला.