सिद्रामप्पाची चकती

सिद्रामप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याची चकती तोलत होतो. एकशे त्र्याहत्तर ग्रॅम. माझीही तेवढीच होती. फोनवर त्याचा मुलगा होता. "काका, बाबा गेले... झोपेतच." फोन ठेवल्यावर मी आधी काटा बंद केला.

त्याची चकती माझ्याकडे का होती, हे सांगायला हवं. कुंभारीजवळ सिद्रामप्पाची थोडी पडीक जमीन आहे. त्याच्या पुण्याच्या जावयाने तिथे लोखंडी खांबांवर साखळ्या लावलेल्या टोपल्या उभ्या केल्या. लांबून प्लास्टिकची चकती फेकत फेकत टोपलीपर्यंत जायचं, असा तो खेळ. टोपली जवळ आली की जाड काठाची वेगळी चकती घ्यायची, तिला पटर म्हणतात. बहुतेक डाव तिच्यावरच ठरतात. आठवडाभर सिद्रामप्पा त्याच्या धान्याच्या दुकानात आणि मी सुताच्या पेढीवर हिशेबात. रविवारी सकाळी आम्ही दोघे पन्नाशी उलटलेले गृहस्थ त्या माळावर चकत्या फेकायचो.

पटर मागवल्या त्या एकसारख्या दोन. पार्सल दुकानात आलं. "हातात धरल्यावर जी आपली वाटेल ती घ्या," एवढंच जावयाने सांगितलं होतं. सिद्रामप्पाने ज्वारीचा नमुना पारखावा तशा त्या पारखल्या. काठ अंगठ्याने दाबला, नख लावलं, वासही घेतला. गिऱ्हाईक ताटकळत उभं. मी मात्र दोन्ही चकत्या त्याच्या काट्यावर ठेवून वजन बघत होतो. शेवटी तो म्हणाला, "पहिली निवड तुझी." तिथेच मला शंका आली. माल निवडताना दुसऱ्याला पुढे करणारा दुकानदार मी आजवर पाहिलेला नाही. मी एक घेतली, परत ठेवली, दुसरी घेतली आणि तिच्यावर पेनाने माझं आद्याक्षर लिहिलं.

उन्हाळा लागला आणि शंका पक्की झाली. ऊन चढलं की माझी चकती भिजल्या पापडासारखी मऊ पडायची, बोटांतून निसटून भलतीकडे जायची. त्याची सरळ जाऊन साखळ्या खणखणवायची.

"आज हात चालंना बघ तुझा."

"हात नाही, चकती वाईट आहे."

"मग बदल की! घे, माझी घे."

इतक्या सहज बदलली, याचीही शंका आली. पुढच्या रविवारी त्याची चकती माझ्या हातात मऊ आणि माझी त्याच्या हातात कडक. मी त्याच्या बोटांवर, पिशवीवर, खिशांवर नजर ठेवली. खांद्यावरच्या ओल्या टॉवेलकडे मात्र बघितलंही नाही. उन्हाळ्यात सोलापुरात ओला टॉवेल कुणाच्या खांद्यावर नसतो? त्या दिवशी निघताना मी म्हणालो, "सिद्रामप्पा, तू काहीतरी लबाडी करतोस." तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. स्कूटरला किक मारत म्हणाला, "सिद्ध कर की." मी निरोपसुद्धा घेतला नाही... त्याचं माझं बोलणं तेवढ्यावरच राहिलं.

पाहुणे पांगल्यावर वहिनींना भेटायला गेलो. त्या पाणी द्यायला उठल्या. स्वयंपाकघरातल्या माठावर झाकण म्हणून चकती पालथी घातलेली, तिच्यावर माझं आद्याक्षर.

"वहिनी, ही इथं कशी?"

"ते तितंच ठेवायचे की. शनिवारी रात्री माठावर, सकाळी ओल्या टॉवेलात गुंडाळून न्यायचे. गार असली की कडक राहती म्हणायचे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय. तुमाला सांगायचं न्हाई म्हणून बजावलं होतं. तोलण्यातच गुंतलाय म्हणायचे, गारव्याकडं त्याचं ध्यानच न्हाई."

नियमात हे बसतं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्या क्षणी मी त्या घरात, इतक्या दिवसांत कुणी बोललं नसेल इतक्या मोठ्याने बोललो, "म्हणजे लबाडीच! मी म्हणत होतो!"

वहिनींनी तोंडाला पदर लावला. हसू होतं की रडू, मला कळलं नाही. मग म्हणाल्या, "वरडा की, भाऊजी. त्यांना लई बरं वाटलं असतं." त्यांनी चकती पुसली आणि माझ्यापुढे धरली. "घेऊन जावा. तुमचीच हाय."

मी हातात घेतली. गार होती, कडक होती. घ्यायचा मोह झाला हे खरं. पण परत दिली. "राहू द्या, वहिनी. दोन्ही माझ्याकडं आल्या तर भांडण मिटलं म्हणायचं. मला ते मिटवायचं नाही."

त्यांनी मला पाणी दिलं आणि माठ झाकला.