राजाची उडी

बी.ए. झालेला आमच्या गावातला पहिला माणूस मी. हे सांगायला मला लाज वाटत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. पुण्याच्या वसतिगृहात एका वकिलाच्या मुलाने मला हिणवलं होतं, "तुम्ही खानदेशी चौकात खेळता ते बुद्धिबळ नव्हे." मी नंदुरबारजवळच्या गावी परतलो आणि त्याला पत्रांतून डाव खेळण्याचं आव्हान दिलं. उत्तर आठवड्यात टाकायचं, नाहीतर डाव गेला.

त्याची पहिली चाल मी ओट्यावरच्या पटावर मांडली, राजापुढचं प्यादं दोन घरं. आबा, म्हणजे माझे वडील, भडकले. "पहिलाच डावमा दोन घरं? हाई चोरी शे!" आमच्याकडे प्यादं एकच घर चालायचं.

डाव रंगला. त्याचा उंट माझ्या राजाच्या बाजूवर रोखलेला होता. पुढच्या चालीला किल्लेकोट करायचा, म्हणजे राजाला हत्तीच्या आड सुरक्षित न्यायचं, असं मी ठरवलं होतं. तेवढ्यात नोकरीच्या मुलाखतीला धुळ्याला जावं लागलं आणि तिथेच अडकलो.

परतलो तर आबा खुशीत. "तुन्ही मुदत सरी ऱ्हायंती. मास्तरकडथाईन कार्ड लिखाडी लिधं तुन्हा नावनं. राजाले घोडानी उडी मारी दिनी!"

मुदत संपत आली म्हणून आबांनी मास्तरांकडून लिहवून घेतलेलं कार्ड माझ्या नावाने टपालात पडलं होतं. देशी डावात राजाला घोड्यासारखी एक उडी मिळते. पुण्याच्या नियमात ती नाही. सायकल काढून स्टेशन गाठलं. टपालाची थैली गाडीत चढली होती. "थैलीत पडलं ते सरकारचं," कारकून म्हणाला.

एकच वाट उरली होती. 'ही चाल माझ्या अडाणी वडिलांची' असं दुसरं कार्ड टाकायचं. दौत पुढ्यात घेऊन बराच वेळ बसलो. आबा दारातून बघत होते. शेवटी दौत बंद केली.

उत्तर आलं: "हा कुठला नियम? दंड म्हणून राजाच हलवा." राजा हलला की किल्लेकोट कायमचा गेला.

आबांनी विचारलं, "मी डुबाडं का रे तुले?"

"चाल माझ्या नावाने गेली, आबा. माझीच ती."

कार्डावर लिहिलं, 'दंड मान्य', आणि राजा एक घर सरकवला. आबा पटाजवळ येऊन बसले. "आते उंटले आडा घाल," म्हणाले. पुढच्या चालीला मी उंटाच्या वाटेत प्यादं घातलं. डाव हरलो, पण पावसाळा संपेपर्यंत पुण्याला घाम फोडला.