विनताची संक्रांत

विनता शेवडे माझी शाळेपासूनची मैत्रीण. कँटोनमेंटमधल्या कॉन्व्हेंटात आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे ती रेल्वेत लागली आणि निवृत्त होईपर्यंत जबलपूर स्टेशनावर गाड्यांच्या घोषणा करत राहिली. तिचा चेहरा फार थोड्यांना माहीत असेल, पण गाडी उशिरा धावत असल्याबद्दल तिने अर्ध्या शहरापाशी खेद व्यक्त केलेला आहे. तिने लग्न केलं नाही. भाऊ नागपूरला गेला, आईवडील गेले, आणि ती नेपियर टाउनमधल्या दोन खोल्यांत एकटी राहिली.

आई गेल्यावरची पहिली संक्रांत सोडली तर दर संक्रांतीला ती बरगीला जाते. धरणाच्या पाण्याकाठी एक रात्र तंबूत काढायची आणि परतायचं. आमच्या कॉलनीत त्यावर थट्टा चाले. विनताताईंना वाण म्हणून सर्दी मिळते, असं बायका म्हणत. माझ्या घरी मोठं हळदीकुंकू असे. मी तिला बोलावी, ती बरगीला चालले म्हणे. तिला पाणी आवडतं, अशी माझी समजूत होती.

यंदा ती म्हणाली, तूही चल. माझे यजमान देवदत्त पावसाळ्यात गेले. त्यानंतर मला फार दुःख झालं असेल असं लोक म्हणत, पण खरं तर मला काहीच वाटत नव्हतं. वेळेवर जेवत होते. रोजची डायरी लिहीत होते: हवा कशी, भाजी कोणती, कोण आलं. ती वाचून या घरात काही घडलं आहे असं कोणाला कळलं नसतं. नाही म्हणायला कारण लागतं. ते सापडेना, म्हणून गेले.

निघायच्या आदल्या दिवशी शेजारची प्रणोती तिळाच्या लाडवांची वाटी घेऊन आली होती. रविवारी तिच्याकडे हळदीकुंकू होतं. काकू, तुम्ही यायचंच, म्हणाली. मग वाटी माझ्या हातात देता देता म्हणाली, "हवं तर सगळ्या गेल्यावर या. म्हणजे निवांत बोलता येईल." पोर चांगली आहे. मी म्हटलं, उद्या-परवा कळवते.

बरगीला पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. समोरचा काठ दिसत नव्हता. पाणी आणि आकाश एकाच राखाडी रंगाचं होतं. तंबूवाल्याने तंबू ठोकून ठेवला होता, पण विनताने त्याचं तोंड पाण्याकडे फिरवून घेतलं. मग कानटोपी घालून ती गोवऱ्या पेटवायला बसली. कणकेचे गोळे निखाऱ्यांवर भाजायचे, त्याला आमच्याकडे गक्कड म्हणतात. सोबत वांग्याचं भरीत. मी गोळे उलटत होते. बोट भाजलं ते उशिराने लक्षात आलं.

"काहून गप्प बसून राहिली?" विनताने विचारलं.

मी प्रणोतीचं सांगितलं. जावं की नाही ते मला ठरवता येत नव्हतं. सगळ्यांबरोबर जावं तर त्यांचा विरस होईल, मागून जावं तर पुढे नेहमी मागूनच जावं लागेल.

ती राख उकरत बोलू लागली.

"आई होती तोवर मी यायची तुझ्याकडं. ती गेल्यावर एकदा एकटी आली. तुमच्या कोणी पाहुण्या करंडा घेऊन ओळीनं कुंकू लावत होत्या. माझ्यापाशी आल्या अन् हात थांबला. मुलगी म्हणावं तर केस पांढरे, सवाष्ण म्हणावं तर गळ्यात काही नाही. इकडेतिकडे पाहिलं त्यांनी. मग लावलं कुंकू."

"लावलं ना?"

"लावलं. वाईट नव्हत्या गं त्या. पण तो हात पाहायला मी दरवर्षी काहून येऊ?"

त्या दिवशी वाण काय दिलं ते मी डायरीत लिहिलं असणार. हाताचं नाही.

मी विचारलं, मग मी काय करू. ती म्हणाली, "इथं येत जा. दोघी मावतो तंबूत."

तिने ते थट्टेत म्हटलं नव्हतं. मी तंबूकडे पाहिलं. पुढच्या साऱ्या संक्रांती तिथे एकीवर एक घडी घालून ठेवल्यासारख्या दिसल्या. तरीही मला काही वाटलं नाही. फक्त थंडी वाजत होती.

सकाळी धुक्यात तिचा स्टेशनावरचा आवाज आला. यात्रीगण कृपया ध्यान दें, चहा येत आहे. चहा मात्र आला नाही, कारण तिला उठता येत नव्हतं. गुडघे धरले होते. मी दोन्ही हात देऊन तिला ओढून उभं केलं.

"मागच्या साली तंबूवाल्यानं उठवलं," ती म्हणाली. "आता एकटीनं जमायचं नाही मला."

परतताना नर्मदेकाठी तिलवाऱ्याच्या संक्रांतीच्या मेळ्यापाशी गाडी अडकली. घाटावर जाणाऱ्या बायका, बांगड्यांच्या हातगाड्या, भोंगे. मी प्रणोतीला फोन लावला. रविवारी येते, म्हटलं. सगळ्या असतानाच येते, आणि माझ्यासोबत विनता असेल. पलीकडून ती हो काकू म्हणाली.

विनता काचेबाहेर पाहत होती. "मला विचारलं का?"

"नाही."

"हात थांबला तर?"

"थांबेल. यंदा दोघींपाशी थांबेल."

मला धीर आला होता असं नाही. तिला एकटीला पुन्हा त्या तंबूत पाठवायचं नव्हतं आणि मला तिथे जायचं नव्हतं, एवढंच होतं. गाडी हलली. पूल ओलांडल्यावर ती म्हणाली, "संक्रांतीला काळी साडी लागते. माझ्याकडं नाही."

माझ्याकडे होत्या. दरवर्षी एक घेत आले होते. घरी पोचल्यावर कपाट उघडून दोन काढल्या आणि इस्त्रीला दिल्या.