बिननावाचं पातेलं

नांदेडच्या भांड्यांच्या दुकानात दुकानदाराने मला तीनदा विचारलं, "नाव काय टाकायचं?" तिन्ही वेळा मी म्हणालो, "नको, तसंच द्या." नाव कोरायचं यंत्र त्याच्या हातात सुरूच होतं, माशीसारखं गुणगुणत. त्याने ते बंद केलं आणि माझ्याकडे जरा निरखून पाहिलं.

"एवढं मोठं भांडं, अन् बिननावाचं? लोकं चोरीचं म्हणतील, साहेब."

पातेलं तीस लिटरचं होतं. त्यात आम्हाला बियर करायची होती, म्हणून त्यावर माझ्या घराचं नाव मला नको होतं.

तेव्हा मी लातूरला पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत कंत्राटी कामाला होतो. गावोगावच्या बोअरच्या पाण्याच्या बाटल्या यायच्या आणि बाटलीला बांधलेल्या चिठ्ठीवर बोअरची खोली लिहिलेली असायची. त्या दुष्काळात तो आकडा दर महिन्याला वाढत होता आणि बाटलीतलं पाणी मात्र अर्ध्यावर येत होतं. आमच्या घराण्यात मी पहिला पदवीधर. वडिलांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडून मला नांदेडला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. त्यांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. आमच्या घरी पाचवं शील वंदनेत म्हणण्यापुरतं नव्हतं, ते पाळायचं असायचं. मग बियर कशाला, असं कोणी विचारेल. कॉलेजात आंबवण्याचं प्रात्यक्षिक एवढी एकच गोष्ट मला मनापासून जमायची. यीस्ट जिवंत ठेवणं, त्याला गोडवा देणं, त्याचा श्वास फेसात पाहणं. नोकरीत मात्र रोज एकच काम: 'पिण्यास अयोग्य' असा शिक्का मारायचा. एकदा तरी हाताने काहीतरी चांगलं घडवावं, एवढीच इच्छा होती. घरी करायला परवाना लागतो हे ठाऊक होतं. विचारायला आम्ही गेलो नाही.

'आम्ही' म्हणजे मी आणि माझा खोलीतला जोडीदार. तोही त्याच प्रयोगशाळेत. उदगीरच्या अडत व्यापाऱ्याचा मुलगा, जिभेला हाड नसलेला. सातू त्याच्या काकाच्या दुकानातून आले, हॉप्स नावाची कडू फुलं टपालाने आली. उरलं भांडं, आणि तिथे आमचे पंधरा दिवस गेले. अ‍ॅल्युमिनियमचं हलकं आणि स्वस्त, पण आंबट पदार्थाने ते काळं पडतं आणि चव बिघडते, असं माझं म्हणणं. पितळेचं घ्यावं तर कल्हई आली, आणि कल्हईवाला लातुरात आता कुठे शोधायचा? पातळ बुडाच्या स्टीलमध्ये तळाला करपतं. भांडं उंच हवं, कारण सातूचा रस उकळताना उतू जातो. पण ओट्यावरच्या फळीखाली मावलंही पाहिजे. आमचं स्वयंपाकघर एवढं लहान की मी भाकरी उलटवली की त्याला मागे सरकावं लागायचं. शिवाय भरलेलं भांडं दोघांनी उचलून न्हाणीत न्यायचं, थंड पाण्यात बसवायचं. त्याला लागणारं पाणी मी वहीत मांडलं. रस वेगळा, थंड करायचं पाणी वेगळं, धुण्याचं वेगळं. बेरीज पाहून जोडीदार म्हणाला, "शास्त्रज्ञा, एवढ्यात आपली अख्खी बिल्डिंग आंघोळ करून निघंल की."

मी वही मिटली.

नांदेडला गेलो ते लंगरच्या आणि लग्नाच्या स्वयंपाकाची भांडी तिथे चांगली मिळतात म्हणून. दुकानदाराने खिशातून चुंबक काढून जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्याला लावलं. ते चिकटलं नाही, घसरून पडलं. "बघा, अस्सल माल." शेजारच्या वेल्डरकडून बुडाशी तोटी बसवून घेतली. झाकण घट्ट. सारं मनासारखं झालं. नाव तेवढं टाकलं नाही.

एसटीत ते मागच्या सीटवर ठेवलं. लोह्याला चढलेल्या एका म्हाताऱ्याने त्यावर हात फिरवला. बोटांनी कडा चाचपली, पोट चाचपलं, जिथे नाव असतं तिथे अंगठा थांबला.

"सरकारी हाय काय हे?"

"नाही, आमचंच."

"नाव न्हाई म्हून इचारलं." मग तो खिडकीबाहेर बघायला लागला. अहमदपूर येईपर्यंत एकाही शेतात हिरवं दिसलं नाही. उतरताना तो म्हणाला, "तोटीबी लावलीय. लईच वाईट दिवस येणार म्हणायचे."

आमची इमारत तीन मजली. खाली शिकवण्यांना आलेल्या मुलांच्या खोल्या, वर भाडेकरू. एक बोअर, आणि सकाळी अर्धा तास मोटर. त्या वर्षी शहरात दोनच बातम्या फिरत होत्या. एक, उदगीर नवा जिल्हा होणार. दुसरी, लातूरचं पाणी संपणार. दोन्हींची तारीख कोणालाच ठाऊक नव्हती, आणि दोन्ही आमच्या प्रयोगशाळेतल्या माणसांना आधी कळतात असं लोक धरून चालायचे. पहिल्या बातमीत माझा स्वार्थ होता. नवा जिल्हा म्हणजे नवी प्रयोगशाळा, कदाचित कायम नोकरी. दुसरीबद्दल मी कोणाशी बोलत नसे.

आम्ही पातेलं घेऊन जिना चढलो तेव्हा प्रत्येक दारात कोणीतरी उभं होतं. कोणी काही विचारलं नाही. त्याचीच मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी समोरच्या घरात निळा ड्रम आला. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर दोन आले. सकाळची अर्ध्या तासाची मोटर पाऊण तास चालायला लागली, मग दुपारीही कोणीतरी गुपचूप बटण दाबायला लागलं. दुसऱ्या मजल्यावर राहणारे निवृत्त मुख्याध्यापक इमारतीचा कारभार बघायचे. आम्ही सगळे त्यांना गुरुजी म्हणायचो. त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"सर, पातेल्यावर नाव नाही. ऑफिसचं आहे. आम्हाला काय कळत नाही का?"

"गुरुजी, ऑफिसचं नाही. पाण्यासाठीही नाही."

"मग?"

मी खाली बघून सांगितलं, "बियर करायची होती."

गुरुजी हसले. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "अहो, चाळीस वर्षं पोरांचं खोटं पकडलंय. तुमचे कान बघा किती लाल झालेत. वरून दबाव असेल, समजतो मी. लातूर जिल्हा झाला तेव्हाही बातमी शिपायाला आधी कळली होती, साहेबाला मागनं. फक्त एवढं सांगा, पाणी कधी बंद होणार?"

जोडीदार खोलीत पोट धरून हसला. "बघ, आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललास अन् नापास झालास." मला हसू आलं नाही.

कारण वहीत दुसरंही एक पान होतं. बियरला आमच्या बोअरचं पाणी चालेल का, हे बघायला मी महिनाभर दर आठवड्याला नमुना तपासत होतो. क्षार प्रत्येक वेळी वाढले होते. शेवटच्या नमुन्याला लोखंडाचा वास होता आणि तळाशी बारीक गाळ. गावच्या बाटलीत असं दिसलं असतं तर मी क्षणात ओळखलं असतं की हा बोअर तळाला गेलाय. स्वतःच्या बोअरबाबत मी वहीत फक्त लिहिलं होतं: 'चवीला जड. जार विकत आणावेत.'

तळमजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत एक बाई आणि तिची मुलगी राहायची. किनवटजवळच्या इस्लापूरकडच्या. मुलगी बारावी सायन्सला, आणि तिच्या शिकवणीसाठी आई गाव सोडून लातुरात आलेली. ती वीस मुलांचे डबे करायची, त्यावर दोघींचं चालायचं. आम्ही तिला मावशी म्हणायचो. परीक्षेला तीन आठवडे होते. पातेलं आल्याच्या पाचव्या दिवशी सकाळी ती आमच्या दारात आली. हातात डबे नव्हते.

"सर, खरं सांगा. बांधाबांध करून राहिले मी. पोरीला गावाकडं नेऊ का?"

"परीक्षा आहे ना तिची."

"हाव. पर पाणीच न्हाई राह्यलं तर डबे कशाचे करू? डबे न्हाई तर भाडं न्हाई. आत्ता गेले तर तिथल्या हायस्कूलात बसवता येतंय का ते तरी बघीन. मंग गेले तर तेबी न्हाई. तुमाला बातमी हाय, समदे म्हणतेत."

गुरुजींना सांगितलं तसं तिला नुसतं सांगून भागणार नव्हतं. मी तिला आत नेलं, पातेलं दाखवलं, शेजारची पिशवी उघडली. तिने भाजलेले सातू मुठीत घेतले, हुंगले. मग पातेल्याची तोटी पाहिली. तिचा चेहरा बदलताना मी पाहिला. तिच्या भागात मोहाची दारू गाळतात. तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

"दारू."

"बियर, मावशी."

"दारूच." तिने सातू पुन्हा पिशवीत टाकले, एकेक दाणा झटकून. "पोरीच्या बापानं मोहाच्या पायी घर खाल्लं. त्याच्यापसून लांब आणलं तिला, लातुरात. अन् वरल्या मजल्यावर हे." ती चिडली नव्हती, आणि तेच सहन होईना. "तुमी तर शिकल्याले."

वडील समोर उभे राहिल्यासारखं झालं.

तिने परत विचारलं, "म्हंजे पाण्याची बातमी न्हाई?"

इथे मी नाही म्हणू शकलो असतो. ती थांबली असती. मी वहीचं ते पान काढलं आणि तिला सांगितलं, पातेलं खोटं होतं पण बातमी खरी आहे. बोअर तळाला लागलाय. किती दिवस, सांगता येणार नाही. ड्रम भरायची घाई सुरू झालीय, त्यामुळे आणखी लवकर. आणि ती घाई माझ्यामुळे.

ती वळून उंबऱ्यापाशी गेली. खाली मुलीचा पाठांतराचा आवाज येत होता, रसायनशास्त्राच्या व्याख्या.

"द्या मंग ते पातेलं," ती म्हणाली. "तुमच्या हापिसातून रोज दोन कॅन आणता येतेत का?"

"येतील."

"आणा. अन् ती पिशवी पाखरांना टाका."

आम्ही दोघांनी पातेलं खाली नेलं. त्या संध्याकाळी मी गुरुजींना वहीचं पान दाखवलं. ते हसले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी मोटर सुरू झाली आणि पाइपातून आधी फक्त वारा आला, लांबून कोणी धापा टाकत असावं तसा. मग चिखलाची एक चूळ. मग काहीच नाही. कोणीही बटण बंद करायला गेलं नाही. मोटर तशीच कोरडी फिरत राहिली, शेवटी जळका वास आला तेव्हा गुरुजी धावले.

लोक मला म्हणाले, सरांना माहीत होतं. त्यात आदर होता आणि दुसरंही काहीतरी होतं. त्यानंतर मी बाजारातून साधी बादली आणली तरी जिन्यात पावलं थबकायची.

टँकर येऊ लागले. रांगेत माणसं उभी राहत नसत, भांडी राहत. पहाटे आणून ठेवायची आणि नाव बघून नंबर धरायचा. पहिल्याच दिवशी आमचं पातेलं कोणीतरी रांगेतून ओढून बाजूला फेकलं. बिननावाचं, म्हणजे कोणाचंच नाही. त्याला पोचा आला. मावशी तशीच ते डोक्यावर घेऊन बाजारात गेली आणि नाव टाकून आली. रिकामं पातेलं तिने मला दाखवलं.

"माझं नाव टाकून काय करायचं? पोरीचं टाकलं. शिकणारीचं हाय म्हणल्यावर कोणी ओढणार न्हाई."

खरोखर, नंतर ते कोणी ओढलं नाही. वीस डब्यांचे सहा झाले, मग एकही नाही. शिकवणीची मुलं एकेक करून गावी गेली. रात्री समोरच्या वसतिगृहाच्या खिडक्या मोजल्या तर रोज एखादी कमी भरायची. ही मुलगी मात्र खोलीच्या दारात, पातेल्याला पाठ टेकून वाचत बसायची. तोटीला मावशीने कुलूप घातलं होतं. मी दोन कॅन आणायचो. जोडीदार, ज्याने कधी स्वतःचं ताट धुतलं नव्हतं, तिसरा आणायचा. एका संध्याकाळी त्याने मुलीला विचारलं, "यीस्ट म्हणजे काय गं, सांग बघू." तिने पुस्तकातलं वाक्य घडाघडा म्हटलं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "पास. तुझ्यापेक्षा बरी."

तिने सगळे पेपर दिले. शेवटच्या पेपरच्या दुपारीच दोघी किनवटच्या गाडीने गेल्या. संध्याकाळी आमच्या दारात पातेलं पालथं ठेवलेलं होतं, राखेने घासलेलं, पोचा आतून ठोकून सपाट केलेला. किल्ली झाकणाला बांधली होती.

उन्हाळ्यात वडील आले. तोपर्यंत शहराला रेल्वेने पाणी येत होतं. ते दारात चपला काढून आत आले, ओट्याजवळ गेले, तोटीखाली तांब्या धरला. भरताना त्यांनी पातेल्यावरचं नाव अक्षर लावून वाचलं.

"हे कोणाचं?"

"खालच्या एका मुलीचं. बारावीला होती."

"पास झाली का?"

"निकाल लागायचाय."

ते पाणी प्यायले, उरलेलं अर्धं त्यांनी परत ओतलं आणि झाकण बसवलं. मग खडी फोडणारी ती जाड बोटं त्यांनी पातेल्यावर वरून खाली टकटक करत नेली. नावाच्या बरंच खाली गेल्यावर पोकळ आवाज भरीव झाला, पाणी तेवढंच उरलं होतं. तिथे त्यांचा हात थांबला, आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.