व्याह्यांची स्वतःची कमाई

माझ्या व्याह्यांच्या अंगात त्यांचं स्वतःचं म्हणावं असं काडीइतकंही काही नव्हतं, सगळं वाडवडिलांचं. राग आज्जीचा, घोरणं आज्ज्याचं, चालणं चुलत्याचं, आणि ते भलंथोरलं नाक तर म्हणे सात पिढ्यांचं. एकदा माझ्या हातचा चहा पिताना त्यांनी कप फोडला आणि शांतपणे म्हणाले, "आमच्या आज्ज्याच्या हाताला असाच कंप होता, विहीणबाई." मी म्हटलं, मग काचा गोळा करायला आज्ज्यालाच बोलवा. तर हसले आणि म्हणाले, हे हसणंही आत्याचं बरं का.

मुलगी द्यायची म्हणून आमच्या टिळकवाडीच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा पोराचा पगार नाही विचारला, शिक्षण नाही विचारलं. त्याच्या कानाची पाळी धरून उजेडाकडे वळवली आणि भिंतीवरच्या आमच्या सासऱ्यांच्या फोटोशी ताडून बघितली. पोरगं बिचारं लाजून लाल. खानापूरच्या स्टँडवर एका अनोळखी माणसाची नुसती चाल बघून, "तुमी अमक्याचे भाचे न्हवं?" असं विचारलं, ते खरं निघालं, आणि हे त्या माणसाच्या घरी जेवून संध्याकाळी आपल्या गावी येळ्ळूरला परतले. कुठलंही बारसं असो, बायका पाळण्यापाशी त्यांची वाट बघत उभ्या असायच्या. ते वाकणार, बघणार आणि कपाळ कुणाचं, हनुवटी कुणाची याची वाटणी करून देणार. तलाठ्यानं सात-बारा लिहावा तसं.

तर मागल्या साली त्यांच्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढली. औषधोपचार झाले, माणूस उभा राहिला. पण त्यांची धाकटी बहीण ऐन तरुणपणी कॅन्सरनंच गेलेली. म्हणून डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं, घराण्यातनं काही येतंय का बघू म्हणाल्या. आणि रक्तातल्या एका जनुकात कॅन्सरला वाट देणारा बिघाड सापडला. तो जन्माचा असेल तर मुलीकडेही गेलेला असू शकतो, असं त्यांनी सांगितलं. मुलगी म्हणजे माझी सून, आणि तिला तेव्हा दिवस गेलेले, म्हणून तिला काही कळू दिलं नाही.

पण बाई पुढं असंही म्हणाल्या की, एवढ्यावर ठरवायचं नाही. कधी कधी बिघाड नुसता रक्ताच्या पेशींत असतो. जन्माचा असला तर सगळ्या अंगात सापडेल. म्हणून दंडाचं चिमूटभर कातडं काढून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलं. उत्तर यायला कितीतरी आठवडे.

ते आठवडे मी विसरणार नाही. कुणाचं नाक नाही, कुणाची चाल नाही, माणूस एकदम मुका. आमच्याकडे यायचे ते सून आत असताना बाहेरच्या पायरीवर बसायचे. मी चिडवून बघितलं, म्हटलं, व्याहीबुवा, ही मुकी खोड कुणाची हो? हसले नाहीत. चहाचा कप दोन्ही हातांत धरून म्हणाले, "पोरीला नाक दिलतं, तेवढंच पुरं हुतं, विहीणबाई."

निकालाच्या दिवशी मीच बरोबर गेले. सुनेला सांगितलं, बाजारात जातोय. डॉक्टरीणबाई कन्नड मिसळून मराठी बोलतात, पण त्या दिवशी सगळं लख्ख कळलं. कातड्यात काही नाही. वय वाढलं की रक्त बनवणाऱ्या पेशींत असे बदल होतात, त्यात कॅन्सरची औषधं झालेली. हा बिघाड जन्माचा नाही, मुलीकडे गेलेला नाही. आत्याची हकिगत आहे म्हणून मुलीनं वेळेवर तपासून घेत राहावं, आणि ह्यांनी आपलं रक्त अधूनमधून दाखवावं, इतकंच.

व्याह्यांचा विश्वास बसेना. "म्हंजे आमच्या आज्ज्याचा न्हाय?"

"नाही."

"बाचा?"

"नाही हो अण्णा, तुमचा स्वतःचा."

"माझा स्वतःचा," ते म्हणाले, आणि टोपी काढून तिच्यातच तोंड पुसलं. बाहेर आल्यावर रिक्षावाल्याला, पेढेवाल्याला, जो भेटेल त्याला ऐकवत होते, जन्मात एक गोष्ट माझी स्वतःची निघाली. लोकांना वाटलं, म्हाताऱ्यानं प्लॉट घेतला. मी पेढे धरून चालत होते. मला रडू येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं. घरी येऊन सुनेला सगळं सांगितलं, तर ती दोघांवरही रागावली. तो राग आज्जीचा, हे मलाही ओळखता आलं.

आता रक्त दाखवायला गेले की परतताना आमच्याकडे डोकावतात. "कमाई जिथल्या तिथं हाय," एवढं सांगतात आणि चहा मागतात.

नातीच्या बारशाला बायका सवयीनं बाजूला झाल्या. व्याही वाकले. बराच वेळ बघत राहिले. कुणीतरी म्हणालं, सांगा की अण्णा, नाक कुणाचं?

"तिचं तिला असू द्या," ते म्हणाले.

नाक सरळ सरळ येळ्ळूरचं होतं, आंधळ्यालाही दिसलं असतं. पोरीचं टोपडं सारखं करायच्या निमित्तानं त्यांनी तिच्या नाकावरून हळूच बोट फिरवलं, ते मी बघितलं.