कलम सात आणि कलमकाका

परराष्ट्र खात्याच्या तळघरात करारांची कपाटं सांभाळणाऱ्या कारकुनाला सगळे कलमकाका म्हणत. वाळवी, ओल आणि मंत्री या तिघांपासून त्यांनी सव्वीस वर्षं करार जपले होते.

एका सकाळी सचिव धापा टाकत जिना उतरून आले. आपल्या समुद्रातल्या एका खडकावर शेजारच्या देशाने झेंडा रोवला होता.

"काका, हे बेकायदेशीर आहे असं सांगणारं कलम द्या. आत्ताच्या आत्ता!"

काकांनी बसल्या जागेवरून फाइल ओढली. "कलम सात. दुसऱ्याच्या हद्दीत बळजबरीने घुसायचं नाही. सगळ्यांच्या सह्या आहेत."

संध्याकाळपर्यंत कलम सात लहान पोरांच्याही तोंडी होतं. सचिवसाहेबांनी काकांना वर बोलावून चहा पाजला. स्वारी घरी गेली ती छाती फुगवून.

पंधरा दिवसांनी सचिव पुन्हा आले, या खेपेला दबकत. आपल्या फौजेने दक्षिणेच्या चिमुकल्या देशाची खिंड ताब्यात घेतली होती.

"काका, इथे कलम सात लागू होत नाही, एवढं लिहून द्या."

"होतं ना साहेब."

"अहो, तो खडक होता! ही खिंड आहे!"

"कलमात नुसतं 'हद्द' म्हटलंय."

"आणि नाही पाळलं, तर आपल्याला कोण पकडणार आहे?"

"कुणीच नाही," काका म्हणाले. "याला पोलीस नाही. पण खाली सही आपली आहे."

सही हा शब्द साहेबांना फारच झोंबला. दुसऱ्याच दिवशी काकांची बदली झाली, टपाल आणि विमानांच्या करारांकडे.

"हो म्हणायला काय जात होतं तुमचं?" बायकोने कपाळावर हात मारला. काकांनी आणखी एक भाकरी वाढून घेतली.

नव्या खोलीत मात्र ते चक्रावलेच. वर दोन्ही देश एकमेकांचा उद्धार करत होते, आणि इथे रोज सकाळी शेजारच्या देशातल्या कारकुनाचा फोन ठरल्या वेळी येई. "तुमच्या पत्रांच्या तीन थैल्या पोचल्या. आमच्याकडे वादळ आहे, विमानं जरा उत्तरेकडून न्या."

"अहो, इथे सगळे कायदा पाळतात!" काकांनी घरी येऊन सांगितलं.

"ते कसं काय?"

"मंत्र्यांना हे खातं आहे हेच माहीत नाही."

खडकाचा खटला आंतरराष्ट्रीय न्यायालयात नऊ वर्षं चालला. निकालाचं दोन्ही सरकारांनी मनापासून स्वागत केलं आणि कुणी जागचं हललं नाही. जुन्या जागेवर परत येण्याबद्दल काकांना विचारणा झाली तेव्हा त्यांनी तब्येतीचं कारण पुढे केलं. तब्येत ठणठणीत होती.