कुलूपबंद देऊळ आणि लिंडनर मास्तर

पप्पा गेले त्या दिवशी मी देवावर जितकी चिडले, तितकी आयुष्यात कुणावर चिडले नव्हते. मला आठवा महिना होता आणि डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ मनाई केली होती. सकाळी नगरहून धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, पप्पा झोपेतच गेले गं. आज दुपारी माती देतोय. तू म्हणशील तर उद्यावर ढकलतो." उद्याही मी कुठे पोचणार होते? थांबू नकोस, म्हटलं. फोन ठेवला आणि भिंतीवरच्या क्रूसाला मोठ्याने विचारलं, या माणसाने जन्मभर तुझी चाकरी केली, आणि त्याच्या लेकीला तू मूठभर माती टाकू देत नाहीस?

पप्पा पाळक होते, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. नगर जिल्ह्यातल्या वाड्या-वस्त्यांवर सायकलने जाऊन त्यांनी उपासना चालवल्या. शाळेत मला मुली म्हणायच्या, "तुमचा देव गोऱ्यांचा." घरी येऊन रडले की पप्पा हसून म्हणत, "देव कुणाच्या गावचा नसतो, बाळ." पुढे माझं लग्न सुहासशी झालं, त्याला जर्मनीत लायप्झिगजवळच्या कार कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही गोऱ्यांच्याच एका गावात राहायला आलो. इथे पाहते तो देवळं (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) उभी, आत माणूस नाही. सुहासच्या ऑफिसच्या पार्टीत एक बाई मला कौतुकाने म्हणाली होती, "तुम्ही इतक्या शिकलेल्या, आणि खरंच प्रार्थना करता?" ज्यांच्या देवाचे म्हणून आम्ही टोमणे खाल्ले, त्यांनीच तो देव जुन्या कोटासारखा काढून टाकला होता. तो राग माझ्यात तेव्हापासूनच साठत होता.

सुहास त्या आठवड्यात कंपनीच्या कामासाठी दूर नेकारसुल्म गावी होता. मिळेल त्या ट्रेनने निघतो म्हणाला, पण संध्याकाळ होणार होती. घरात एकटीला बसवेना. निदान पप्पांच्या मातीच्या वेळी तरी देवळात असावं, म्हणून पोट सांभाळत चढ चढून गावच्या जुन्या देवळापाशी गेले. दाराला भलंमोठं कुलूप. बाजूला चिठ्ठी होती: पुढची उपासना महिन्याच्या शेवटच्या रविवारी. पाळकबाईंना फोन लावला. त्यांच्याकडे आसपासची कितीतरी गावं, फोनवर फक्त रेकॉर्ड केलेला आवाज. मग माझा तोल गेला. मी दोन्ही मुठींनी ते दार बडवायला लागले. मराठीत ओरडत होते, जर्मन भाषेत ओरडत होते, काय ते आठवत नाही.

"काय चाललंय इथे?" मागून कुणीतरी दरडावलं. उंच, वाळका, सत्तरी ओलांडलेला माणूस. चेहऱ्याने ओळखत होते. हेर लिंडनर (हेर म्हणजे इथलं 'श्रीयुत'), गावच्या शाळेचे निवृत्त मास्तर. मी त्यांच्यावरच तुटून पडले. माझे वडील वारले, आज त्यांना पुरतायत, आणि तुमच्या या ख्रिस्ती देशात मला बसायला एक देऊळ उघडं नाही!

"मी ख्रिस्ती नाही," ते तितक्याच रागाने म्हणाले. "माझा बाप्तिस्माही झालेला नाही. देव नाही असं मी कम्युनिस्टांच्या काळापासून शाळेत शिकवलं, आजही तेच सांगेन." आणि खिशातून किल्ली काढली.

किल्ली देवळाचीच होती. छप्पर गळत होतं, पाडायची भाषा निघाली होती, तेव्हा गावातल्या काहीजणांनी मिळून ते देऊळ दुरुस्त करायला घेतलं होतं. त्यातले बरेचसे यांच्यासारखेच, कशावर विश्वास नसलेले; किल्ली यांच्याकडेच असायची. "गावाच्या मधोमध भोक पडलेलं मला चालत नाही," एवढंच ते म्हणाले.

आत ओल आणि चुन्याचा वास होता. मी पहिल्या बाकावर बसले. प्रार्थना येईना, नुसता संताप येत होता. तेवढ्यात भावाचा फोन आला. पेटी खाली सोडत होते. लोकांचं गाणं ऐकू येत होतं. मी हुंदके देत होते. हेर लिंडनर दाराशी उभे होते. त्यांनी विचारलं, "आत्ता?" मी मान हलवली.

"आल्झो, तर मग," ते म्हणाले, "घंटा वाजवायला परवानगी पाळकबाईंची लागते. त्यांचं मी नंतर बघतो." ते मनोऱ्याखाली गेले आणि दोर धरून सगळं अंग खाली झोकलं. पहिला टोल पडला तेव्हा माझ्या पायाखालची फरशी थरथरली. मी फोन वर धरला. ते ओढत राहिले, थांबेचनात. घामाने शर्ट पाठीला चिकटला. फोन पुन्हा कानाला लावला तर तिकडचं गाणं थांबलं होतं. भाऊ रडत म्हणाला, "ताई, स्पीकर लावलाय. सगळे ऐकतायत. कोण वाजवतंय गं?"

पोटात बाळ जोराने हललं आणि सकाळपासून आवळून धरलेलं काहीतरी माझ्या हातून सुटलं. मी म्हटलं, घे देवा, पप्पा तुझे होते, तुझेच राहू देत.

याला चमत्कार म्हणावं की नाही, मला ठाऊक नाही. माझा राग सगळा गेला असंही नाही; बंद देऊळ दिसलं की आजही मस्तक फिरतं. पण मदत कुणाच्या हातून पाठवायची हे देवाला सांगायचं मी सोडून दिलं आहे. रोज प्रार्थनेत माझ्या माणसांची नावं घेते, त्यात हेर लिंडनरांचंही घेते. त्यांना कळलं तर भयंकर चिडतील. चिडू देत.